उंचावरची भूक

साइटवर तिला सगळे वरची ताई म्हणत. ती टॉवर क्रेन चालवायची. सकाळी लोखंडी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसली की संध्याकाळीच खाली यायची. डबाही वरच खायची. तिचा आणि जमिनीचा संबंध एका माणसापुरता होता. ते म्हणजे शिट्टीकाका. वॉकीटॉकी नव्हते तेव्हा हे काका खाली उभे राहून शिट्टीनं क्रेनला खुणा करायचे. आता शिट्टी गेली होती, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. "थोडं डावीकडे, ताई. अजून. बस. आता हळू सोडा." दिवसभर हा आवाज तिच्या कानात असायचा. नवरा म्हणायचा, "माझं एक ऐकत नाहीस, आणि काकांनी डावीकडे म्हटलं की लगेच डावीकडे."

एका दुपारी सळयांचा भारा वर चालला असताना त्याचा एक पट्टा तुटला. भारा तिरका झाला आणि सळया सुटून खाली गेल्या. वर तिला काहीच ऐकू आलं नाही. नुसती धूळ उठली, आणि काका जिथं उभे असायचे ती जागा दिसेनाशी झाली.

तिनं बटण दाबलं. "काका? काका, बोला ना."

उत्तर नाही. पुन्हा दाबलं. तरी नाही. बऱ्याच वेळानं खरखर झाली आणि आवाज आला, "आहे. आहे मी. खांबामागं आहे."

कुणाला खरचटलंही नव्हतं. चौकशी झाली, पट्टा झिजलेला निघाला, ताईचा दोष नाही असं सगळ्यांनी सांगितलं. पण काका बोलत नव्हते त्या वेळात तिचा हात डब्याशेजारच्या बिस्किटांच्या पुड्याकडे गेला होता. तोंड भरलं आहे हे तिला चावताना कळलं. आणि चावत होती तोवर हात कापत नव्हते, हेही तिच्या ध्यानात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून भार उचलायची वेळ आली की तिला तो तुटलेला पट्टा दिसायचा. मग ती काहीतरी तोंडात टाकायची. बिस्किटं, शेंगदाणे, पाव, जे असेल ते. भार खाली टेकला की सुटकेसाठी पुन्हा दोन घास. चव अशी काही लागायचीच नाही. घरी ओट्याशी उभी राहून, सगळ्यांकडे पाठ करून खायची. नवरा स्वयंपाकघरात आला की डब्याचं झाकण आवाज न करता लावायची. आपल्याच घरात चोर झाल्यासारखं वाटायचं, आणि त्या लाजेवरही पुन्हा खाणंच. सकाळी मात्र काही खायची नाही. कालच्या पापाचं आजचं प्रायश्चित्त. मग दुपार व्हायच्या आत अशी भूक लागायची की घासाला धरबंध राहायचा नाही.

अंग सुटत गेलं. शिडी चढताना मधल्या फलाटांवर थांबावं लागायला लागलं. लेक एकदा हसत म्हणाली, "आई, तुला उचलायला आता दुसरी क्रेन लागेल." तीही हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली. वर्षाची तपासणी जवळ येत होती. तिथं वजन होणार, डॉक्टर विचारणार, आणि केबिन हातची जाणार, हे भय आता त्या तुटलेल्या पट्ट्याच्या भयावर येऊन बसलं होतं. एका भयाला खाऊन गप्प करावं तर दुसरं त्यावरच पोसलं जायचं.

तपासणीच्या आधीच वाऱ्याचा दिवस उगवला. दुपारनंतर आभाळ काळवंडलं, केबिनमधला वाऱ्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि खालून हुकूम आला, क्रेन मोकळी सोडा आणि उतरा. मोकळी सोडायची म्हणजे वरचा लांब हात वारा नेईल तिकडं फिरू द्यायचा, नाहीतर वारा अख्खा मनोरा उलटवायचा. तिनं ब्रेक काढला, जाकीट चढवलं, कमरेचा पट्टा आवळला आणि उतरायला लागली. पहिल्याच फलाटात माणूस जाईल एवढी चौकोनी झडप होती; सकाळी जाकीट आधी वर टाकून ती तिच्यातून जेमतेम वर आली होती. तिनं पाय आत सोडले, कंबर आत गेली, आणि बरगड्यांपाशी ती अडकली.

खाली पाय शिडीवर होते, पण वर ढकलून घ्यायला जोर पुरेना. खाली सरकावं तर कडा बरगड्यांत रुतत होती. डोक्यावर क्रेनचा हात करकरत फिरत होता आणि त्याबरोबर सगळा मनोरा डुलत होता.

आणि अशा वेळी तिनं काय केलं? हात जाकिटाच्या छातीवरच्या खिशात घातला, बिस्कीट काढलं आणि तोंडात टाकलं.

चावता चावता ती थांबली. वाऱ्याला ती भ्यालीच होती, पण त्या क्षणी स्वतःच्या हाताला जास्त भ्याली. मरणाच्या दारात आपण अडकलोय आणि हा हात खिशात जातोय. हा कुणाचा हात आहे? उद्या तो आणखी कुठं नेईल आपल्याला?

छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला. "ताई, कुठवर आलात?"

बिस्कीट तसंच गालात. तिनं बटण दाबलं. "काका, मी अडकलेय."

"कशात?"

ती म्हणाली, "झडपेत. मी मावत नाहीये."

काका हसले नाहीत. म्हणाले, "बरं. घाई नको. जाकिटात काय काय आहे?"

"खाण्याचे पुडे. दोन्ही खिशांत."

"ते काढून फलाटावर ठेवा. मग श्वास सोडा, अगदी पूर्ण, आणि हात डोक्यावर घेऊन खाली व्हा. मी वर येतोय. बोलत राहा माझ्याशी."

तिनं एकेक पुडा काढला. वाऱ्यानं ते ओढून नेले. पुड्यांमागून पुडे निघत होते आणि आपण एवढं सगळं बरोबर घेऊन चढलो होतो याचं तिलाच नवल वाटत होतं. श्वास सोडला. कड बरगड्यांवरून सालपट काढत गेली, आणि ती सुटली. अर्ध्या शिडीवर काका भेटले. त्यांनी तिचा घोटा धरून पाय दांड्यावर ठेवला, आणि पुढं जमिनीपर्यंत असाच एकेक पाय ठेवत नेला.

खाली पत्र्याच्या खोलीत दोघं बसले. बाहेर वारा पत्र्यावर आपटत होता. ती म्हणाली, "काका, त्या दिवसापासून मी भीतीनं खाते. थांबताच येत नाही."

काका म्हणाले, "आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. भाराखाली उभं राहायचं म्हटलं की सकाळपासून पोट बांधल्यासारखं होतं. बायकोला वाटतं, मला रोग झालाय."

तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. सदरा अंगावर लोंबत होता. इतके दिवस ती त्यांचा नुसता आवाज ऐकत होती.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला डब्यांचं माहीत होतं. "झाकण कितीही हळू लाव," तो म्हणाला, "सकाळी डबा हलका लागतोच की. पण बोलायचं कसं, ते कळेना. वाटलं, बोललो तर तू तुटशील." तपासणीची वाट न बघता दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून ती अंग चोरून बसली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती उलटीच: "सकाळी उपाशी राहणं बंद करा. पोटभर नाश्ता, वेळेवर जेवण, बसून. उपाशी माणसाला भीती दुप्पट खायला लावते." मग मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. वजनाचं साइटवर कळवावं लागलंच. काही महिने तिला क्रेनवरून उतरवून जमिनीवरचं काम दिलं, आणि त्या दिवशी ती खूप रडली.

पण त्याच महिन्यांत एक झालं. रोज सकाळी भार बांधायचे पट्टे तपासायचं काम तिनं मागून घेतलं. एकेक पट्टा हातावरून सरकवून बघायची आणि शंका आली की बाजूला टाकायची. मुकादम कुरकुरला, "ताई, अशानं साइट बंद पडेल." ती म्हणाली, "पडू दे." दुपारी काकांसोबत जेवायला बसायची. तिनं सावकाश खायचं आणि काकांनी संपवायचं, असं ठरलं होतं. काकांचा शेवटचा घास होईपर्यंत ती दुसरा काही डबा उघडायची नाही. कधी कधी काका मुद्दाम रेंगाळायचे.

सरळ रेषेत काही झालं नाही. लेकीची शाळेची बस एकदा उशिरा आली आणि फोन लागेना, तेव्हा तिनं ओट्याशी उभं राहून अख्खा पाव संपवला. लेक घरात शिरली तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं. या वेळी तिनं पाठ फिरवली नाही. "घाबरले होते गं," एवढंच म्हणाली. लेकीनं दप्तर ठेवलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती परत वर गेली तेव्हा झडपेतून सहज गेली नाही, पण गेली. भीती तशीच होती. भार उचलताना हात खिशाकडं जायला लागला की ती बटण दाबायची आणि म्हणायची, "काका, घाबरलेय." खालून आवाज यायचा, "मीही. चला, हळू."

मग काका निवृत्त झाले. नव्या साइटवर, आधीच्याहून उंच क्रेनवर, पहिल्या सकाळी तिच्या कानात अनोळखी बाईचा आवाज आला. सगळं सुरळीत होतं, पट्टे तिनं स्वतः पाहिले होते, नाश्ता करून आली होती. तरी पहिला भार अधांतरी लटकला आणि जुनं भय परत आलं. हात खिशावर जाऊन टेकला. नव्या माणसाला काय सांगायचं? पहिल्याच दिवशी भित्री म्हणून नाव होईल.

तिनं बटण दाबलं. "ऐका, भार वर असला की मी घाबरते. तुम्ही माझ्याशी बोलत राहा."

खालून ती बाई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी मघापासून डोळे मिटून उभी आहे. आता उघडते. ताई, थोडं उजवीकडे."