रविवारी लढाई नाही

रविवार, १५ जून २००८. सकाळी सात वाजता मी बहिणीच्या अंगणात बासमतीच्या रिकाम्या पोत्यात तेरा किलोचं लोखंडी चिलखत, चार ओंजळी वाळू आणि अर्धी बाटली व्हिनेगर भरलं, पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि ते पायाने ढकलत या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नेऊ लागले. गंज काढायची ही आठशे वर्षांपूर्वीची पद्धत आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. जर्मनीत राहणारे मराठी लोक पुष्कळ आहेत, पण जर्मनीच्या बाराव्या शतकात राहणारा मराठी माणूस एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

भाऊजी दिवसा हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत बेअरिंगचे इंजिनिअर होते. तिथे ते एकविसाव्या शतकात वागत असावेत, कारण चौदा वर्षांत कोणी तक्रार केली नाही. बसने पंधरा मिनिटांवरच्या आपल्या गावात उतरले की मात्र त्यांना पोप, सम्राट आणि बिशप यांच्याखेरीज काही दिसत नसे. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना धबधबे बघायचे असत, भाऊजी त्यांना बिशपांची थडगी दाखवत. एकदा माझ्या सासूबाई सापडल्या. थडग्यावर दगडात कोरलेला बिशप होता, एका हातात धर्मदंड आणि दुसऱ्या हातात नंगी तलवार. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "अहो, हा देवाधर्माचा माणूस ना? मग तलवार कशाला?" भाऊजींचा चेहरा असा उजळला की मी तिथेच बाक शोधून बसले. दीड तास लागणार हे मला कळलं होतं. "आई, हाच तर प्रश्न आहे! बिशप म्हणजे दोन साहेबांच्या हाताखालचा मॅनेजर. आत्म्याचं खातं पोपकडे, जमिनीचं आणि सैन्याचं सम्राटाकडे. आता याची नेमणूक कोणी करायची? यावरून पन्नास वर्षं भांडण! त्यात एकदा तर सम्राट बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिला पोपच्या दारात, माफी मागायला." ताई मागून म्हणाली, "मी व्हिसाच्या कचेरीबाहेर उणे आठमध्ये चार तास उभी होते, हातात कागदांची फाइल घेऊन. त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही."

चिलखत त्यांनी सहा हिवाळ्यांत स्वतः विणलं होतं. विणलं हेच बरोबर आहे, कारण ते टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बसत आणि दोन पकडींनी एकेक कडी चार कड्यांत अडकवत. प्रत्येक कडी आधी मोजली जाई. एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं की ती बाद. "अहो, बाणाला कळणार आहे का ते?" असं ताई विचारी. "मला कळेल ना," हे त्यांचं उत्तर. बाद कड्यांचे त्यांनी तळहाताएवढे चौकोन करून नातेवाइकांना वाटले, तवा घासायला. माझ्या बिडाच्या तव्यावर त्याच्याइतकं चांगलं काही चालत नाही, हे मी मान्य करते.

त्यांच्या सगळ्या खुळांत घराला जाच झाला तो एकाचा, आणि उपयोग झाला तोही त्याच एकाचा. हजार वर्षांपूर्वी सरदार लोक उठसूट एकमेकांवर चालून जात, शेतं जाळत. त्यांना आवरायला बिशपांनी नियम काढला: बुधवारी सूर्यास्तापासून सोमवारच्या सूर्योदयापर्यंत कोणी शस्त्र उचलायचं नाही. उचललं तर धर्माबाहेर. याला म्हणत देवाचा तह. भाऊजींनी लग्नाच्या बाराव्या वर्षी हा तह स्वयंपाकघरात लागू केला. गुरुवार ते रविवार भांडण बंद. ताई आधी हसली, मग संतापली, मग तिने फ्रिजवर एक कागद लावला आणि आठवडाभराच्या तक्रारी त्यावर लिहायला लागली. सोमवारी सकाळपर्यंत निम्म्या तक्रारी तिला स्वतःलाच वाचता येत नसत. उरलेल्या निकाली निघत. मी एकदा मंगळवारी फोन केला तर म्हणाली, "उद्या रात्री कर गं. आज आमचं भांडण आहे."

या दोघांत तहाने न सुटलेलं एकच भांडण होतं, ते गावच्या उत्सवाचं. दर जूनमध्ये त्या गावात मध्ययुगाचा बाजार भरतो आणि रविवारी तीन वाजता गढीखालच्या मैदानात लढाई होते: बंडखोर सरदार गावाला वेढा घालतो, बिशप आपल्या सैनिकांना आशीर्वाद देऊन सोडतो. अग्निशामक दलाची पोरं आणि गावातले दोन सुतार मिळून लढतात. भाऊजी उत्सव समितीत नऊ वर्षं होते, आणि नऊ वर्षं त्यांना एकच काम मिळालं. सरदाराने धर्मयुद्धावरून पकडून आणलेला कैदी. ताईच्या जुन्या ओढणीचं मुंडासं, हाताला दोर, आणि मैदानाला एक फेरी. संवाद नाही. भाऊजींना त्यात काही वाटत नसे. दोराची गाठ त्या काळातली नाही एवढीच त्यांची हरकत असे. ताई मात्र नऊ वर्षांत एकदाही बघायला गेली नाही. "माझ्या नवऱ्याला बांधून फिरवतात, ते बघायला मी तिकीट काढू?" भाऊजी समितीत दर वर्षी एक मुद्दा मांडत, की रविवारी लढाई होऊच शकत नाही, तह असतो. समिती दर वर्षी म्हणे, "हो, हो, फार मनोरंजक," आणि पुढच्या विषयाकडे वळे.

ते साल शेवटचं होतं. ऑगस्टमध्ये दोघं कायमची पुण्याला परत जाणार होती, खोकी भरून व्हरांड्यात रचलेली होती. मे महिन्यात, वीस वर्षं बिशप होणाऱ्या खाटकाची पाठ धरली. बिशपची लॅटिन प्रार्थना सबंध गावात आणखी एकालाच पाठ होती. भाऊजी ती शाळेत शिकलेल्या संस्कृत स्तोत्राच्या चालीवर म्हणत, पण एक शब्द चुकत नसत. समितीच्या अध्यक्षबाईंना प्रश्न पडला, हिंदू माणूस बिशप कसा होईल? त्या चर्चच्या पाद्रीबाबांकडे गेल्या. पाद्रीबाबा म्हणाले, "त्या काळातले निम्मे बिशप शिकार करायचे आणि कर्ज काढून किल्ले बांधायचे. हे तर मांससुद्धा खात नाहीत. द्या त्यांना टोपी." भाऊजींनी ही बातमी मला फ्रँकफर्टला फोन करून सांगितली. "काय फ्रँकफर्टकर, येताय ना? या वेळी ताई पण येणार आहे." आवाज नेहमीसारखाच होता, पण ताई येणार हे त्यांनी एकाच फोनमध्ये तीनदा सांगितलं.

म्हणून मी शनिवारी येऊन रविवारी सकाळी पोतं लोटत होते. बिशपच्या झग्याखाली चिलखत दिसणार नव्हतं, हे मी दाखवून दिलं होतं. "बिशपला माहीत असतं ना," भाऊजी म्हणाले. चिलखत हिवाळाभर तळघरात पडून लाल झालं होतं, आणि भाऊजी माझ्यामागे उभे राहून, पोतं कोणत्या कोनात लोटावं ते सांगत होते. चौथ्या फेरीला शेजारचे आजोबा पायजम्यावर कुंपणापाशी आले. पोत्यातून भांड्यांचं कपाट जिन्यावरून पडल्यासारखा आवाज येत होता, त्यामुळे त्यांचं आश्चर्य वाटलं नाही.

"आज रविवार आहे!" आजोबा ओरडले. "रविवारची शांतता! गवत कापायचं नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत! आणि तुम्ही हे काय करताय?"

मी माफी मागून पोतं थांबवलं. भाऊजी आजोबांकडे बघतच राहिले. मग मला हळूच म्हणाले, "ऐकलंस? हजार वर्षं झाली, राज्यं गेली, बिशपांच्या तलवारी गेल्या, आणि नियम अजून जिवंत आहे! पायजम्यात उभा आहे!" त्यानंतर जेवेपर्यंत ते बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी आत जाऊन उरलेला गंज तव्याच्या चौकोनाने काढला.

तीन वाजता मैदान भरलं होतं. ताई निळी सिल्कची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. बंडखोर सरदार घोड्यावरून आला, अग्निशामक पोरं ढाली आपटू लागली आणि पायऱ्यांवर बिशप उभा राहिला. सोनेरी टोपी, हातात दंड, कॉलरला मायक्रोफोन. नऊ वर्षं कैदी झालेल्या माणसाला पहिल्यांदाच मायक्रोफोन मिळाला होता. लॅटिन प्रार्थना झाली. ताई पुटपुटली, "चाल आमच्या सोवळ्यातल्या काकांची आहे." आता फक्त हात उंचावून म्हणायचं होतं, देव तुमच्या बाजूने आहे, तुटून पडा. भाऊजींनी हात उंचावला, आणि हात तसाच राहिला. पाच सेकंद गेले. दहा गेले.

"आल्झो, तर मग," बिशप म्हणाले. "आज वार कोणता?"

घोडा तेवढा फुरफुरला.

"आज रविवार आहे," बिशप म्हणाले. "बुधवारच्या सूर्यास्तापासून सोमवारच्या सूर्योदयापर्यंत देवाचा तह असतो. या मैदानात आज जो तलवार उचलेल तो धर्माबाहेर जाईल. लढाई उद्या सकाळी. तलवारी खाली ठेवा."

सरदाराने अध्यक्षबाईंकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी हातातले कागद चाळले, जणू ते वाक्य कुठल्यातरी पानावर सापडेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मोठा आवाज आला, "गेनाऊ! अगदी बरोबर! रविवार म्हणजे रविवार!" शेजारचे आजोबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. लोक हसले, मग सगळेच टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, नाटकच असं आहे. एका सुताराने तलवार गवतावर ठेवली, मग दुसऱ्याने, मग ढाली पडल्या आणि दोन्ही सैन्यं मिळून बिअरच्या तंबूकडे गेली.

भाऊजी मला तंबूमागे एका पेटीवर बसलेले सापडले. टोपी मांडीवर होती. झग्याखाली चिलखत असल्यामुळे घामाने भिजले होते. "लोकांनी तिकिटं काढली होती," ते म्हणाले. "पोरांनी तीन महिने सराव केला होता. एवढ्या विश्वासाने काम दिलं होतं त्यांनी, आणि मला ते एक वाक्य म्हणवेना. पोरांकडे बघून 'मारा' म्हणायचं, तेही देवाचं नाव घेऊन. चुकलं का गं माझं?" मी उत्तर देणार, तोच ताई आली. मी तिला ओळखते, त्यामुळे बाजूला सरकले. तिने पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आज रविवार आहे, म्हणून मी काही बोलत नाही." मग थोड्या वेळाने, "टोपी शोभत होती तुम्हाला."

अध्यक्षबाई आल्या तेव्हा भाऊजी माफी मागायला उठले. बाईंनी त्यांना हातानेच बसवलं. त्यांचा राग गेलेला नव्हता, पण त्यांच्या हातात डायरी होती. "सूर्योदय पाच वाजून दहा मिनिटांनी आहे," त्या म्हणाल्या. "आठ वाजता मैदानावर शाळेचे खेळ आहेत. तुम्ही उद्या सकाळी म्हणालात, सगळ्यांसमोर. कृपया वेळेवर या."

दुसऱ्या दिवशी मी चारला उठले, पोहे केले आणि थर्मासमध्ये चहा भरला. मला वाटलं होतं आम्ही तिघंच असू. मैदानावर चौदा माणसं होती. अग्निशामक पोरं, दोन्ही सुतार, पाठीला पट्टा बांधून खुर्चीत बसलेला खाटीक, आणि शेजारचे आजोबा, या वेळी कोट घालून. घोडा आला नव्हता. सूर्य गढीच्या भिंतीवरून वर आला तेव्हा भाऊजींनी हात उंचावला. "आता तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाले आणि टोपी काढून खाटकाच्या डोक्यावर ठेवली. मग खिशातून ताईची ओढणी काढून मुंडासं बांधलं आणि दोन्ही हात पुढे केले. कैद्याच्या कामाला त्या वर्षी कोणी मिळालंच नव्हतं. सुतार दोर घेऊन पुढे आला, पण ताई त्याच्या आधी उठली होती. "द्या इकडे," ती म्हणाली, "तुमची गाठ त्या काळातली नाही." तिने दोर बांधला, टोक आपल्या हातात धरलं आणि मैदानाची फेरी तीच घालून आली. ढाली पाच मिनिटं वाजल्या. मग सगळ्यांनी उभ्याउभ्या पोहे खाल्ले आणि कामावर गेले.

फ्रँकफर्टची गाडी पकडायला एरलांगेनला जाणारी माझी बस सहा चाळीसला होती. भाऊजींनी गवतावर उतरवून ठेवलेलं चिलखत दवाने ओलं झालं होतं, आणि ओलं लोखंड तसंच खोक्यात भरलं असतं तर पुण्याला पोहोचेपर्यंत पुन्हा लाल झालं असतं. मी फ्रँकफर्टला ऑफिसात फोन करून सांगितलं की उशीर होईल. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, इथे लढाई होती. मग अंगणात चादर पसरून बसले आणि एकेक ओळ फडक्याने पुसून तेल लावलं. संपलं तेव्हा दुसरी बसही गेली होती. पुण्यात ऑगस्टमध्ये हवा फार दमट असते. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.