पहिल्या घासाचं पाणी

चूक केली साहेबांनी आणि खापर फुटलं मावशींच्या डोक्यावर! आता बोला!

समुद्री माशांची पिल्लं वाढवणाऱ्या त्या केंद्रात मावशी सतरा वर्षं दोन टाक्या सांभाळत होत्या. एकीत हिरवं पाणी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. दुसरीत ते शेवाळ खाणारे रोटिफर, टाचणीच्या टोकाहून बारीक जीव. पिल्लांचं तोंड उघडलं की पहिला घास रोटिफरांचा. तो चुकला की पिल्लं मेलीच म्हणून समजा. मावशींचा नियम एकच होता: या टाकीतला मग त्या टाकीत जाता कामा नये. चार रोटिफर जरी हिरव्यात शिरले, तरी वाढत वाढत सगळी टाकी फस्त करतात.

नव्या साहेबांनी पाहुण्यांना रोटिफर मगात घेऊन दाखवले आणि तोच मग खुशाल हिरव्या टाकीत बुडवला.

"अहो साहेब, थांबा!" मावशी ओरडल्या.

"मावशी, पाण्यानं पाणी बाटतं होय?" साहेब हसले. पाहुणेही हसले मेले!

चौथ्या दिवशी हिरवी टाकी पांढरीफटक. साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "हा तुमचा निष्काळजीपणा आहे. उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी पिशवी भिरकावली. "आठ दिवसांनी माशांची अंडी येतील. मरू देत पिल्लं! मला काय त्याचं?"

खिडकीत एक हिरवीगार बाटली होती. अडीअडचणीला म्हणून मावशींनी घरी जपलेलं त्याच शेवाळाचं बियाणं. तिच्यातून बरणी, बरणीतून टाकी, आठ दिवसांत जमलं असतं. सासूबाई ती बाटली रोज दोनदा हलवायच्या. आताही हलवत होत्या.

"राग साहेबावर ना तुझा?" त्या म्हणाल्या. "मग उपाशी पिल्लांना कशाला मारतेस?"

मावशी रात्रभर धुमसल्या आणि सकाळी बाटली छातीशी धरून केंद्रात गेल्या.

"वा मावशी! बियाणं आणलंत? आणा इकडे, मीच ओततो," म्हणत साहेबांनी मग उचलला. रोटिफरांच्या टाकीतला. अजून ठिबकत होता.

मावशींनी तो हिसकावून भिंतीवर असा आपटला, की मगाचा कान तुटून पडला.

"खबरदार हात लावाल तर! पिल्लांसाठी आलेय मी, तुमच्यासाठी नाही. आधी बाहेर व्हा!"

साहेब मुकाट बाहेर गेले. मावशींनी कोपरापर्यंत हात धुतले आणि तेव्हा कुठे बाटलीच्या तोंडचा कापूस काढला.