धाकटी पसंत

लढाईवरून परतलेल्या दादानं पुष्कळ सांगितलं, मला आठवते ती एकच गोष्ट. पलटणीत कारकून म्हणून तो ग्रीसमध्ये होता, पार बल्गेरियाच्या हद्दीजवळ. तिथल्या एका बल्गेरियन मास्तरानं आपल्या भाषेतल्या पुस्तकातली ती गोष्ट त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली, आणि आष्ट्याला आमच्या सोप्यात बसून दादानं ती आम्हा दोघी बहिणींना.

मूळ ग्रीकांची पुराणकथा अशी: तीन देवींत सर्वांत सुंदर कोण, याचा निवाडा एका मेंढपाळाकडं आला. त्यानं सोन्याचं सफरचंद एकीला दिलं आणि त्यापायी पुढं मोठं युद्ध पेटलं. बल्गेरियन लेखकानं युद्ध काढूनच टाकलं. देवींच्या केल्या गुलाबाच्या मळ्यात राबणाऱ्या सख्ख्या बहिणी. सफरचंद धाकटीला मिळतं, आणि मग तिघींना एकाच वाटेनं घरी जायचं असतं. झाली गोष्ट. शेवटचं वाक्य दादानं दोनदा सांगितलं.

"मग कापून तिघींत वाटायचं की!" अक्का म्हणाली.

"सोनं कापतंय व्हय?" मी तिला हसले.

त्याच हिवाळ्यात कराडचे पाहुणे अक्काला बघायला आले. रंगानं सावळी म्हणून तिला आधी बऱ्याच जणांनी नाकारलं होतं. हेही स्थळ गेलं तर बिजवराशिवाय गत नाही, असं आई तिच्या तोंडावर म्हणायची. थोरलीला दाखवताना उजळ धाकटीला घरात ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून मला चुलतीकडं धाडलं. पाहुणे गेले असतील असं समजून मी मागच्या दारानं आले, तर मुलाची आई परसात हात धूत उभी. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू धाकटी व्हय?" एवढंच तिनं विचारलं.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला, धाकटी पसंत हाय. आबा खाली बघत बसले. दादा म्हणाला, "बागाईत हाय, माणसं चांगली हायती. सोडू नगा."

मला दादाची लाज वाटली, आबांची वाटली. सगळ्यांत जास्त माझी वाटली, कारण 'पसंत' ऐकताक्षणी मला आतून गोड वाटलं होतं. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

पाहुणे रीतसर मला बघायला पुन्हा आले. अक्कासाठी घेतलेलं नवं लुगडं तिनंच मला नेसवलं. ती माझ्यापेक्षा उंच, त्यामुळं ते मला पायात येत होतं. निऱ्या वर घ्यायला ती माझ्या पायाशी बसली. मला नुसता तिचा भांग दिसत होता. मला हे लग्न नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"हलू नगं," ती म्हणाली, "निऱ्या सुटतील."

मी हलले नाही.