कोल्हारच्या वाटेवर, उसाच्या ट्रॉलीमागे

अहिल्यानगरहून निघताना हेल्मेट घालण्याआधीच आईने अट घातली. "कोल्हारला देवीला येते तुज्यासंगं. पर वाटंत एकदा जरी जीव घाबरला, तर माघारी यष्टीनं. परत तुज्या गाडीवर बसनार न्हाई."

मला पुढची सगळी भटकंती तिच्याबरोबर करायची होती, त्यामुळे ही माझी परीक्षाच होती. तरी मी निर्धास्त होते. मोटरसायकल जपून चालवायचे धडे मी रीतसर घेतले आहेत आणि त्याचा तोराही मिरवते. उभ्या गाडीचं पुढचं चाक वळलं की ती निघणार, ट्रकचा आरसा दिसला नाही तर ड्रायव्हरला आपण दिसत नाही, असं बरंच काही राहुरीपर्यंत आईला ऐकवलं. ती "व्हय, व्हय" म्हणत शेतं बघत होती. राहुरीत मिसळ खाल्ली. तिखटाने दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण स्वारी खूश झाली.

पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी. हॉर्न ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी शहाण्यासारखं अंतर ठेवलं. एका गावापाशी गतिरोधक आला, ट्रॅक्टर रांगू लागला, समोर रस्ता मोकळा. पुढे काढायला याहून चांगली वेळ कुठली? मी उजवीकडे सरकले, तोच आईने खांदा करकचून दाबला.

"मागंच ऱ्हा! आता ऊस वढायला येत्यात."

मी चिडून ब्रेक दाबला. तेवढ्यात उजवीकडच्या टपरीमागून धोतरातले एक आजोबा धावत सुटले. इकडे-तिकडे बघणं नाही, नजर थेट ट्रॉलीवर. त्यांनी एक टिपरू (उसाचं लांब कांडकं) हिसकलं, ते झटक्यात सुटलं आणि आजोबा भर रस्त्यात बसकन आपटले. मी पुढे काढली असती तर ते माझ्या चाकाखाली आले असते. मी गाडी कडेला घेतली.

"लागलं का, बाबा?" आईने उतरून विचारलं.

"न्हाई वो. टिपरू तेवढं मोडलं." हळहळत त्यांनी अर्धं आईच्या हातात दिलं. "घ्या, लई ग्वाड हाय."

"तुला कसं कळलं गं?" मी आईला विचारलं.

"लहानपनी आमी बी वढायचो की! ट्रॉली हळू झाली की पळायचं. गाडीबिडी कुनाला दिसतीय तवा?"

कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला, दर्शन झालं. स्टँडवर नगरची एसटी उभी होती. आता माझाच धीर सुटला होता.

"आई, तू एसटीने जा. तुला मागे बसवायची मला भीती वाटते."

आई एसटीकडे बघत राहिली. "माजा बी जीव घाबरला हुता, खोटं कशाला बोलू? पर म्या सांगितलं आन तू थांबलीस. घरात कोन ऐकतं माजं एवढं?" आणि ती मोटरसायकलवर बसली.

परतीच्या वाटेवर मी एकही धडा ऐकवला नाही. बोलत होती ती: कुठल्या वस्तीवरून शेळ्या आडव्या येतात, कुठल्या शेतातून बैलगाडी एकदम डांबरावर चढते. भीती काही गेली नव्हती. तरी इतक्या आनंदात, आणि इतकी हळू, मी गाडी कधी घरी आणली नव्हती.