इटलीवालीचे आभार

माझ्या नवऱ्याने सख्ख्या बहिणीची ट्रंक अंगणात फेकली. झाकण उघडलं आणि तिचे कपडे केळीच्या आळ्यात, चिखलात पडले. शेजारपाजार बघत उभा होता. माझी नणंद रडली नाही. मान जराशी झुकवून त्याला म्हणाली, "ला रिंग्रात्सिओ, सिन्योरे."

"काय बडबडते ही?" त्याने मला विचारलं.

"आभार मानते तुमचे. परक्या साहेबाचे मानतात तसे."

तो लालेलाल झाला. आमच्या वसईत घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. भावाने ताट पुढे केलं की मुकाट जेवायचं. आभार परक्याचे.

गावात तिला इटलीवाली म्हणत. सिस्टर व्हायला गेली आणि काही वर्षं तिथल्या मठात भांडी घासून झग्याशिवायच परत आली. नवऱ्याला त्याची लाज. तिला आलेलं स्थळही त्याने परतवलं. "देवाला नको झाली, तुम्ही काय करणार हिचं?"

मठातली मोठी सिस्टर नव्या पोरींपुढे सुपाची ताटली धरून उभी राहायची. आभाराचं वाक्य पूर्ण आलं नाही तर ताटली मागे. "वयनी, भुकेल्या माणसाला भाषा लवकर येते," नणंद मला सांगायची.

तिने माणिकपूरला खोली घेतली, शिवणकाम धरलं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की सगळ्यांदेखत भावाला गाठून तेच वाक्य, तशीच मान झुकवून. पोरं फिदीफिदी हसायची. तो बाजूच्या दाराने निघू लागला.

मग त्याला लकवा झाला. मला वाडी होती, म्हशी होत्या. मी तिला निरोप धाडला. ती आली. "बाकी सगळं तू कर, वयनी. भरवणं माझं."

पेजेचा चमचा तिने त्याच्या ओठांपासून वीतभर लांब धरला. "म्हण."

"बाय, भूक लागली."

"इथे तुझी बाय-बहीण कोणी नाही. म्हण, ला रिंग्रात्सिओ, सिन्योरिना." सिन्योरिना म्हणजे बिनलग्नाची बाई. तेही तिने त्याला नीट समजावून सांगितलं.

वाकड्या तोंडातून शब्द निघेपर्यंत पेज गार व्हायची. ती पुन्हा गरम करून आणायची. उपाशी त्याला कधी ठेवलं नाही, पण वाक्याशिवाय चमचाही पुढे गेला नाही. फादर समजवायला आले, "आता माफ कर त्याला."

"मी कुठे भांडते, फादर? रीत शिकवते."

मी दारात हसले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

शेवटच्या सकाळी त्याने तिचं मनगट धरलं. "बाय, आज नुसतंच भरव."

तिने चमचा तसाच धरून ठेवला. पेजेवर साय धरली. शेवटी त्याने म्हटलं, पहिल्यांदाच न अडखळता. तिने भरवलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "प्रेगो." म्हणजे, असू द्या. दुपारी तो गेला.

ती तीच ट्रंक घेऊन घरी राहायला आली. काही वर्षांनी तीही गेली. तिला शेवटची पेज मी भरवली. तिने माझे आभार मानले नाहीत.

तिघांतली मी राहिले.