खोकला डॉक्टरीणबाईंचा, गुडघे मालीशवाल्याचे

ट्यूबा वाजवणारा माणूस कॉफीवर फुंकर घालताना धापा टाकतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. आमच्या खोऱ्यातल्या आर्विन गावात, एलादियो बाराहासच्या अंगणात.

ट्यूबा म्हणजे आमच्या बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, अजगरासारखं अंगाला वेढणारं. एलादियोनं ते फुंकलं की शेजारच्या कोंबड्या दाणे टिपायचं विसरायच्या. एरवी द्राक्षाचे मळे, नाहीतर मिळेल तिथे फावडं. माणूस इतका सभ्य, की वाटेत आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही म्हणेल, "जरा सरकता का, साहेब?" या सभ्यपणानंच त्याचा घात केला.

त्या उन्हाळ्यात तो गावाबाहेर सौरपट्ट्यांसाठी खड्डे खणायला गेला. पिठासारखी कोरडी माती, वर भणाणता वारा. धूळ दाबायला पाण्याचा टँकर येतोय, येतोय म्हणत मुकादमानं टँकरशिवायच काम रेटलं. या खोऱ्यातल्या निम्म्या मुकादमांशी मी मजुरांसाठी भांडलेय; हा नेमका माझ्या तावडीतून सुटला.

मग खोकला लागला. दवाखान्यातून न्यूमोनियाच्या गोळ्या आल्या, संपल्या, पुन्हा आल्या. खोकला जागचा हलेना. अंगात कणकण, उशी घामानं चिंब.

"ते पितळी भूत तुझी फुप्फुसं गिळतंय," त्याची बायको ओब्दुलिया म्हणायची. "विकून टाक!"

"यारेत्सीची पंधरावी होऊ दे. मग मलाही वीक."

यारेत्सी त्यांची लेक, माझी धर्मकन्या; म्हणून एलादियो मला 'कोमाद्रे' म्हणतो, लेकीची धर्ममाता. पोरीचा पंधरावा वाढदिवस आमच्याकडे लग्नाच्या तोलाचा. त्यात वॉल्ट्झ नाचाची धून आपणच वाजवायची, हे तिच्या जन्मापासून एलादियोच्या डोक्यात होतं. आणि बँडप्रमुख फेर्मिन परवाच येऊन हळूच विचारून गेला होता, "दुसरा ट्यूबावाला सांगून ठेवू का?" त्या दिवशी एलादियो जेवला नाही.

मी गेले तेव्हा तो सराव करत होता. दोन सुरांत दम संपला. तो धपकन बसला, पँट वर सरकली, आणि नडगीवर लालबुंद गाठी दिसल्या.

"हे काय?"

"मुंग्या चावल्या असतील, कोमाद्रे. ओब्दुलिया मलम लावते."

"आणि उठताना गुडघे का धरतोस?"

"ते मालीशवाला बघतो."

"आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांच्याकडे खोकला आहे ना!" तो शांतपणे म्हणाला. "एकाचं दुसऱ्याकडे कशाला न्यायचं? वाईट दिसतं."

माझं टाळकं सटकलं. त्याला गाडीत कोंबून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंना झापायचं, हे वाटेतच ठरवलं होतं. पोरसवदा बाई, केस विस्कटलेले. मी सुरुवात केलीसुद्धा, "बाई, गोळ्या वाटणं सोपं असतं..."

"गुडघे?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "गुडघ्यांचं कधी बोलला नाहीत तुम्ही!"

"ते मालीशवाल्याचे आहेत," एलादियो अदबीनं म्हणाला.

बाईंनी पँट वर करायला लावली, नडग्या पाहिल्या आणि विचारलं, "हल्ली मातीत काम केलंत कुठे? धुळीत?"

त्यानं खड्ड्यांचं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला, स्वतःच्याच. "खोऱ्याचा ताप वाटतोय. रक्त तपासू. मीही आधीच विचारायला हवं होतं." माझं भांडण तोंडातल्या तोंडात विरलं.

हे नाव आमच्या खोऱ्यात कोणी ऐकलं नाही? पण ऐकलेलं ते दुसऱ्याच्या घरचं. मातीत बुरशी असते, ती वाऱ्यावर उडते, श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते. न्यूमोनियाच्या गोळ्यांना ती भीक घालत नाही. रक्तात तीच निघाली; गुडघेदुखी आणि नडगीवरच्या गाठीही तिच्याच. बुरशीचं औषध सुरू झालं आणि ट्यूबा बंद.

"मला लागण नाही ना होणार?" ओब्दुलियानं विचारलं.

"माणसाकडून माणसाला होत नाही," मी म्हटलं.

"मग आजपासून घोरायचं असेल तर माझ्याच शेजारी घोर," ती नवऱ्याला म्हणाली आणि बाहेर टाकलेली त्याची खाट आत घेतली.

त्याच्याबरोबर खणणाऱ्या सगळ्यांना मी दवाखान्यात पिटाळलं. आणखी दोघांच्या रक्तात तेच निघालं. मुकादमाकडे गेले तर म्हणतो, "धूळ काय, सगळेच खातात." त्याला काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी टँकर आला.

पंधरावीला ट्यूबा फेर्मिनच्या भाच्यानं वाजवला. एलादियो पडेल चेहऱ्यानं कोपऱ्यात बसलेला.

"बापाबरोबरचा वॉल्ट्झ!" फेर्मिननं पुकारलं.

ओब्दुलियानं त्याला ढोसलं. "ऊठ! तू वाजवत बसला असतास तर पोरीबरोबर नाचलं कोण असतं? मी?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो उठला. आधी रीतीप्रमाणे लेकीचे साधे बूट काढून उंच टाचांचे घालायला वाकला, तर गुडघे कटकन वाजले.

"मालीशवाल्याला बोलवा!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि अख्खा हॉल हसला.

मग ती दोघं नाचली. सावकाश. बाप धापा टाकायला लागला की यारेत्सी जागीच डुलत थांबायची, त्याचा श्वास परत आला की पुढचं पाऊल. बँडही मुकाट तिच्या पावलांमागून चालला.

तेव्हा माझं एवढं ऐका. खोकला घेऊन दवाखान्यात जाल, तर तो एकटा नेऊ नका. गुडघे, नडग्या, घामाची उशी, कुठे कुठली माती उकरलीत ते, सगळं त्या टेबलावर नेऊन ओता. वाईट दिसलं तर दिसू द्या.