खडूच्या दोन फुल्या

शिंपीकामाच्या दुकानात सारे त्यांना मास्तर म्हणत. आयुष्यभर कापडे बेतायच्या मेजाच्या कडेला पोट टेकून उभे राहिल्यामुळे, पोटात कुठेही दुखले की त्याचे खापर ते त्या कडेवर फोडीत आणि इस्त्रीने तापवलेली कापडाची घडी पोटावर ठेवून मोकळे होत. खरी गोष्ट निराळी होती. त्यांचे वडील पोटाच्या कर्करोगाने गेले होते. डॉक्टरांच्या तोंडून तेच नाव ऐकण्यापेक्षा मेजाला दोष देणे मास्तरांना सोपे वाटे.

त्या सकाळी बेंबीभोवती कळ आली. शेजारी काज-बटणे करीत बसलेली पत्नी म्हणाली, "अहो, चला डॉक्टरकडे."

"मेजाची कड लागलीय गं."

"कुठं ते दाखवा तरी." तिने खडू उचलून त्यांच्या शर्टावर त्या जागी फुली मारली.

दुपारी घास नकोसा झाला, अंगात कणकण भरली आणि मास्तर उजवीकडे वाकून चालू लागले. तिने पुन्हा जागा दाखवायला लावली. दुसरी फुली उजवीकडे, खाली ओटीपोटावर पडली.

"मेज जागचं हललं का?"

"नाही."

"मग दुखणं कसं सरकलं?"

मास्तर चपला घालून तिच्याबरोबर दवाखान्यात निघाले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फुल्या पाहिल्या, पोट हलकेच दाबले. "मूतखड्याची कळ बहुधा पाठीकडून जांघेत उतरते, पित्ताच्या खड्याची उजव्या बरगडीखाली येते. पोट म्हणजे एकच खिसा नव्हे, मास्तर! हे अपेंडिक्स दिसतंय. सोनोग्राफीत तेच निघालं, तर आजच काढू. आणि तो शेक आधी बंद करा."

"पण वडील पोटाच्या कर्करोगानं गेले," मास्तर म्हणाले.

"त्यांचं कसं होतं?"

"कित्येक महिने चाललं होतं. अन्न जाईना. त्यांची पँट मीच पुन्हापुन्हा कमरेत आत घ्यायचो."

"आणि तुमची?"

"यांची कसली आत घ्यायची!" पत्नी म्हणाली. "परवाच सैल करून दिलीय."

मास्तरांना हसू फुटले आणि हसताच पोटाने असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आले. सोनोग्राफीतही तेच दिसले, तेव्हा संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली.

शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, "काय निघालं?"

"अपेंडिक्सच. फुटायच्या बेतात होतं म्हणे," पत्नी म्हणाली.

मास्तर म्हणाले, "त्या मेजाची माफी मागायला हवी."

"मेजाची? आणि माझी?"